नकार देणाऱ्यांनी घडवलेली राज्यघटना

१२ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी एक साधी सूचना केली. नव्या राज्यघटनेच्या आरंभी नागरिकांच्या हक्कांची सनद जोडावी. राज्यांच्या सनदा हाताशी आहेतच, त्यांच्या आधारे काही तासांत मसुदा तयार होईल, असे त्यांचे म्हणणे होते. मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी यांनी तसा ठराव मांडला, मेसन यांनी त्याला अनुमोदन दिले आणि मतदान झाले. उपस्थित राज्यांपैकी एकानेही ठरावाच्या बाजूने मत दिले नाही. साडेतीन महिने बंद दाराआड काम करून प्रतिनिधी थकले होते. कनेटिकटचे रॉजर शर्मन यांनी राज्यांच्या सनदा पुरेशा आहेत असे सांगितले आणि विषय तेथेच मिटला. पाच दिवसांनी मसुद्यावर ३९ सह्या झाल्या. मेसन, गेरी आणि एडमंड रँडॉल्फ हे तिघे शेवटपर्यंत हजर होते, पण त्यांनी सही करण्यास नकार दिला. इतिहासाने 'घटनाकार' हा मान सही करणाऱ्यांना दिला. त्यांचे कर्तृत्व मोठेच होते. परंतु अमेरिकेच्या राज्यघटनेत आज जे काही जगाला अनुकरणीय वाटते, त्यातले पुष्कळसे या ३९ जणांच्या मसुद्यात नव्हते. ते आले सही नाकारणाऱ्यांच्या, मसुद्याविरुद्ध मत देणाऱ्यांच्या आणि ज्यांना त्या सभागृहाच्या जवळपासही प्रवेश नव्हता अशा लोकांच्या आग्रहातून. अमेरिकी घटनात्मक राज्यव्यवस्थेचा इतिहास नीट समजायचा असेल, तर तो या नकारांचा इतिहास म्हणून वाचायला हवा, असे माझे प्रतिपादन आहे.

मसुद्याला नाही म्हणण्याचा हक्क जनतेला आहे, ही कल्पना फिलाडेल्फियात जन्मली नाही. १७७६ मध्ये ब्रिटिश राजवट झुगारल्यावर तेरा वसाहतींपुढे पहिला प्रश्न आला तो आपापल्या राज्यासाठी लिखित घटना बनवण्याचा. बहुतेक ठिकाणी चालू विधिमंडळांनीच ती बनवली आणि लागू केली. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र वेगळे घडले. तेथील विधिमंडळाने १७७८ मध्ये तयार केलेला मसुदा गावोगावच्या सभांपुढे ठेवला गेला आणि लोकांनी तो प्रचंड बहुमताने फेटाळला. त्यात हक्कांची सनद नाही, हा एक आक्षेप होता. कायदे करणाऱ्या सभेनेच घटना लिहिली तर ती सभा उद्या तीच घटना बदलूही शकेल, हा दुसरा. या नकारातून एक नवी रीत निघाली. घटना लिहिण्यापुरतीच वेगळी सभा निवडून द्यायची, मसुदा पुन्हा लोकांपुढे न्यायचा आणि त्यांनी होकार दिल्यावरच तो अमलात आणायचा. जॉन ॲडम्स यांनी लिहिलेली १७८० ची मॅसॅच्युसेट्सची घटना या रीतीने मंजूर झाली. गावसभांनी तिचे एकेक कलम वाचून हरकती लिहून पाठवल्या. सामान्य कायदा आणि राज्यघटना यांतला फरक आज आपण गृहीत धरतो. तो प्रथम स्पष्टपणे आचरणात आला तो शेतकरी आणि कारागिरांनी एक मसुदा परत पाठवल्यामुळे.

या काळात तेरा राज्यांना जोडणारा दुवा फार कमजोर होता. १७८१ पासून अमलात असलेल्या महासंघाच्या करारानुसार मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आयातीवर अल्पसा कर लावण्याचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या विरोधाने बुडाला. पुढच्या प्रयत्नाच्या वेळी न्यूयॉर्क आडवे आले. सैनिकांचे पगार थकले, परकीय कर्जाचे व्याज थकले. १७८६ च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर आणि कर्जाने पिचलेले शेतकरी डॅनियल शेज आणि इतर माजी सैनिकांच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडू लागले. जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली, तेव्हा मालमत्ताधारी वर्ग हादरला. मे महिन्यात फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींच्या मनावर या सगळ्याचे ओझे होते. एकूण ५५ जण वेळोवेळी हजर राहिले. ऱ्होड आयलंडने कोणालाही पाठवले नाही. कामकाज गुप्त ठेवण्याचा नियम झाला. जुन्या करारात दुरुस्ती करण्याचे काम सोपवलेल्या या सभेने तो करार बाजूला सारून नवीन राज्यघटना लिहिली: दोन सभागृहे, एक राष्ट्राध्यक्ष, एक सर्वोच्च न्यायालय आणि कर बसवण्याचा अधिकार असलेले केंद्र. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व हवे होते, लहान राज्यांना समान. १६ जुलैला पाच विरुद्ध चार मतांनी तोडगा निघाला. प्रतिनिधिगृह लोकसंख्येनुसार आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारख्या जागा.

प्रतिनिधींनी आणखी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत दूरगामी निर्णय होता. नवी घटना त्यांनी राज्यांच्या विधिमंडळांकडे मंजुरीसाठी सोपवली नाही. प्रत्येक राज्यात खास निवडलेल्या परिषदेपुढे ती जावी आणि नऊ राज्यांनी मान्य केल्यास त्या नऊ राज्यांपुरती ती अमलात यावी, असे सातव्या कलमात ठरले. यात डावपेच होता, कारण अधिकार गमावणारी विधिमंडळे मसुदा फेटाळतील ही भीती रास्त होती. पण यातून एक असे दार उघडले जे पुन्हा बंद करणे कोणाच्याच हाती राहिले नाही. मसुदा जसा आहे तसा घ्या किंवा सोडा, अशी लेखकांची अपेक्षा होती. पुढच्या दहा महिन्यांत देशभरच्या परिषदांत, चर्चमध्ये, खाणावळीत आणि वर्तमानपत्रांत त्याची जी चिरफाड झाली, तिने ही अपेक्षा मोडीत काढली.

आरंभी मसुद्याच्या समर्थकांनी, म्हणजे संघराज्यवाद्यांनी, घाई केली, आणि त्या घाईची किंमतही मोजली. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात परिषदेची निवडणूक लवकर घेण्याचा ठराव येताच विरोधी सदस्य सभागृहातून निघून गेले, जेणेकरून गणसंख्या पुरी होऊ नये. दुसऱ्या दिवशी जमावाने त्यांतल्या दोघांना त्यांच्या मुक्कामावरून ओढत आणले आणि जबरदस्तीने बसवून ठराव संमत करून घेतला. परिषदेत ४६ विरुद्ध २३ मतांनी मंजुरी मिळाली, पण अल्पमताने सुचवलेल्या दुरुस्त्या इतिवृत्तात नोंदवण्यासही बहुमताने नकार दिला. अल्पमताने मग आपले निवेदन स्वतंत्रपणे छापले. ज्युरी, मुद्रणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य आणि बेकायदा झडतीपासून संरक्षण यांची मागणी करणारे ते निवेदन राज्याच्या सीमा ओलांडून सर्वत्र पोहोचले. जिंकलेल्यांनी ज्यांचे म्हणणे लिहूनही घेतले नाही, त्यांचे म्हणणे मग साऱ्या देशाने वाचले.

मॅसॅच्युसेट्सने वेगळा मार्ग दाखवला. तेथील परिषदेत आरंभी विरोधकांचे पारडे जड होते. एमोस सिंगलटरी नावाच्या ग्रामीण प्रतिनिधीने भीती व्यक्त केली की वकील, विद्वान आणि पैसेवाले लोक सगळी सत्ता आपल्या हाती घेतील आणि आमच्यासारख्या लहान माणसांना गिळून टाकतील. त्याला उत्तर देणारा जोनाथन स्मिथ हाही नांगर हाकणारा शेतकरीच होता. शेजच्या बंडाची अंदाधुंदी आपण जवळून पाहिली आहे, म्हणून आपल्याला मजबूत राज्य हवे, असे त्याने सांगितले. दोन शेतकऱ्यांचा हा वाद मला त्या सबंध चर्चेचा गाभा वाटतो. दोघांची भीती खरी होती, आणि चांगल्या घटनेला दोन्ही भीतींना उत्तर देणे भाग होते. अखेर परिषदेचे अध्यक्ष जॉन हँकॉक यांनी तडजोड मांडली: घटना मान्य करावी, पण सोबत नऊ दुरुस्त्यांची शिफारस करावी. ६ फेब्रुवारी १७८८ रोजी १८७ विरुद्ध १६८ मतांनी मंजुरी मिळाली. दहा जणांनी मत फिरवले असते तर निकाल उलटला असता. हरलेल्यांपैकी काहींनी तेथेच उभे राहून सांगितले की वादात आमचे पूर्ण ऐकून घेतले गेले, आता आम्ही या घटनेच्या पाठीशी राहू. यानंतर मेरीलँड वगळता उरलेल्या प्रत्येक राज्याने दुरुस्त्यांच्या शिफारशी केल्या. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशी निसटती मंजुरी मिळाली, तीही हक्कांच्या आश्वासनावर. न्यूयॉर्कने तर सर्व राज्यांना पत्र पाठवून दुसरी घटना परिषद भरवण्याची मागणी केली. नॉर्थ कॅरोलिनाने हक्कांची सनद येईपर्यंत संघराज्यात येण्यास नकार दिला. १७८९ च्या सप्टेंबरात काँग्रेसने दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या आणि नोव्हेंबरात ते राज्य सामील झाले.

विरोधकांचे योगदान हक्कांच्या मागणीपुरतेच होते असेही नाही. त्यांच्या प्रश्नांनी लेखकांना स्वतःच्या मसुद्याचा अर्थ शोधायला लावला. 'ब्रूटस' या टोपणनावाने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या टीकाकाराने दाखवून दिले की नव्या सर्वोच्च न्यायालयाला घटनेचा अर्थ लावण्याचा अखेरचा अधिकार मिळेल आणि त्याच्यावर कोणाचाही अंकुश नसेल. मसुद्यात याबद्दल स्पष्ट शब्द नव्हते. अलेक्झांडर हॅमिल्टन यांना मसुद्याच्या समर्थनार्थ लिहिलेल्या 'फेडरॅलिस्ट' लेखमालेच्या ७८ व्या लेखात उत्तर द्यावे लागले. न्यायालयाकडे तलवारही नाही आणि तिजोरीही नाही. घटना ही जनतेची इच्छा असल्याने तिच्याविरुद्ध जाणारा कायदा रद्द ठरवणे म्हणजे विधिमंडळापेक्षा जनतेला वरचढ मानणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८०३ च्या मार्बरी खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी याच विचारसरणीवर न्यायालयीन पुनर्विलोकनाचा अधिकार उभा केला. आज भारतासह अनेक देशांत मानल्या जाणाऱ्या या तत्त्वाची सविस्तर मांडणी अशी एका विरोधकाच्या आक्षेपाला उत्तर देताना झाली. याच काळात बोस्टनहून प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेने एका सभेच्या हाती एकवटलेली सत्ता, हक्कांचा अभाव आणि कायमच्या फौजेचा धोका यांवर बोट ठेवले. ती लिहिणाऱ्या मर्सी ओटिस वॉरेन यांना मताचा अधिकारही नव्हता, आणि बराच काळ तिचे श्रेय एल्ब्रिज गेरी यांना दिले जात होते.

मसुद्याचे प्रमुख शिल्पकार मानले जाणारे जेम्स मॅडिसन हक्कांच्या सनदेला आरंभी फारसे महत्त्व देत नव्हते. कागदी कुंपणे बहुमताला अडवू शकत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. हॅमिल्टन तर पुढे जाऊन म्हणत की केंद्राला जो अधिकार दिलेलाच नाही, तो तू वापरू नकोस असे सांगणे धोक्याचे आहे, कारण त्यातून तो अधिकार आहे असा अर्थ निघतो. मॅडिसन यांचे मन वळवण्यात तीन गोष्टींचा हात होता. पॅरिसहून थॉमस जेफरसन यांनी त्यांना पत्रातून बजावले की प्रत्येक सरकारविरुद्ध जनतेला अशी सनद मिळालीच पाहिजे. दुसऱ्या परिषदेची मागणी जोर धरू लागली, आणि ती भरली तर केलेले सारे काम उधळण्याची भीती होती. तिसरी गोष्ट मतदारसंघातली. मसुद्याचे विरोधक पॅट्रिक हेन्री यांच्या प्रभावामुळे व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने मॅडिसन यांना सिनेटवर पाठवले नाही. प्रतिनिधिगृहासाठी त्यांना जेम्स मन्रो यांच्याविरुद्ध लढावे लागले, आणि धर्मस्वातंत्र्याची हमी मागणाऱ्या बॅप्टिस्ट मतदारांना त्यांनी दुरुस्त्यांचे लेखी आश्वासन दिले. १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी ते निवडून आले आणि शब्द पाळला. ८ जून १७८९ रोजी त्यांनी दुरुस्त्या मांडल्या, तेव्हा स्वपक्षीयांनीच महसुलाची कामे तातडीची असल्याचे सांगून टाळाटाळ केली. मॅडिसन चिकाटीने मागे लागले. काँग्रेसने बारा दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांतल्या दहा मंजूर झाल्या. मेसन यांनी काही तासांचे काम म्हणून मागितलेल्या सनदेला चार वर्षे लागली.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मॅडिसन यांनी विरोधकांना खरोखर काय दिले? करवसुली, फौज आणि न्यायालये यांबाबत केंद्राचे अधिकार आवळणाऱ्या मागण्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि ज्यांवर फारसा वाद नव्हता तेवढे हक्क उचलले. पॅट्रिक हेन्री यांच्यासारखे नेते त्यामुळे नाराजच राहिले. शिवाय ही सनद प्रारंभी दुबळी होती. १७९८ मध्ये, मंजुरीला सात वर्षेही झाली नव्हती तोच काँग्रेसने सरकारविरुद्धचे लिखाण गुन्हा ठरवणारा कायदा केला. १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॅरन विरुद्ध बाल्टिमोर या खटल्यात ठरवले की ही सनद केवळ केंद्राला बांधते, राज्यांना नाही. हे सारे खरे आहे. तरीही घटनेतील हक्कांचा उपयोग त्या क्षणीच्या अंमलबजावणीने मोजणे अपुरे ठरते. १७९८ च्या कायद्याखाली व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना तुरुंगात टाकले गेले आणि मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. १८०० च्या निवडणुकीत तो कायदा करणारा पक्ष हरला, कायद्याची मुदत संपू दिली गेली आणि शिक्षा झालेल्यांना जेफरसन यांनी माफी दिली. न्यायालयांनी त्या कायद्याला आळा घातला नव्हता. पण संतप्त नागरिकांच्या हातात आता आपला राग घटनेच्या भाषेत मांडण्याचे साधन होते. सनद लिहिलेली नसती तर सरकारने मर्यादा ओलांडली हे सिद्ध करायला मर्यादाच सापडली नसती.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याहून गंभीर आहे. हे विरोधक कोण होते? मेसन आणि हेन्री दोघेही गुलामांचे मालक होते. मेसन यांनी गुलामांच्या व्यापारावर कडक टीका केली, पण स्वतःचे गुलाम मुक्त केले नाहीत. हेन्री यांनी व्हर्जिनियाच्या परिषदेत नव्या केंद्राच्या हाती गुलाम मुक्त करण्याची सत्ता जाईल अशी भीती दाखवून मते फिरवण्याचा प्रयत्न केला. मसुदा लिहिणाऱ्यांचे हातही या बाबतीत स्वच्छ नव्हते. गुलाम लोकसंख्येचा तीन-पंचमांश भाग मोजून दक्षिणेला जादा प्रतिनिधी देणारे कलम, पळून गेलेला गुलाम परत करण्याची सक्ती आणि १८०८ पूर्वी आयातीवर बंदी घालण्यास मनाई, या तिन्ही गोष्टी मूळ घटनेत होत्या. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ७ लाख माणसे गुलामगिरीत होती. १८६० पर्यंत ती संख्या ४० लाखांच्या घरात गेली. म्हणजे १७८७ च्या वादात दोन्ही बाजूंनी जे लोक बोलत होते, त्यांनी मिळून देशातल्या मोठ्या समूहाला बाहेर ठेवले होते. हा आक्षेप माझे प्रतिपादन खोडून काढत नाही, तो ते विस्तारतो. नकार देणाऱ्यांची पहिली पिढी अपुरी होती, म्हणूनच दुसऱ्या पिढीची गरज पडली.

ती पिढी १८३० पासून उभी राहू लागली. त्या वर्षी फिलाडेल्फियात मुक्त कृष्णवर्णीयांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. अशा परिषदा पुढची अनेक दशके भरत राहिल्या आणि त्यांचा एक ठाम दावा होता की या भूमीत जन्मलेला प्रत्येक माणूस तिचा नागरिक आहे. गुलामगिरीविरोधी चळवळीतले विल्यम लॉइड गॅरिसन घटनेलाच पापाचा करार मानत, आणि ४ जुलै १८५४ रोजी त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये भर सभेत घटनेची प्रत जाळली. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस आरंभी त्यांच्याच मताचे होते. पुढे लायसँडर स्पूनर आणि गेरिट स्मिथ यांचे युक्तिवाद अभ्यासून १८५१ मध्ये त्यांनी आपले मत बदलले: घटनेचा उद्देश आणि तिचे शब्द प्रामाणिकपणे वाचले तर ती गुलामगिरीच्या विरुद्ध उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात नेमके उलट ठरवले. सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांच्या मते घटना लिहिली गेली तेव्हा कृष्णवर्णीय 'जनते'त धरलेले नव्हते, म्हणून ते कधीही नागरिक होऊ शकत नाहीत. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी दाखवून दिले की संघराज्य स्थापनेच्या काळात पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क होता. ज्या जनतेच्या नावाने घटना उभी राहिली, तिच्यात ते सामील होते. यादवी युद्धानंतर निकाल लागला तो टॅनी यांच्या विरुद्ध. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने जन्माने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मत नाकारण्यास मनाई केली. चौदाव्या दुरुस्तीचे पहिले कलम ओहायोचे जॉन बिंगहॅम यांच्या हातचे होते. त्यातले जन्मसिद्ध नागरिकत्वाचे वाक्य सिनेटमध्ये जोडले गेले आणि त्यात त्या कृष्णवर्णीय परिषदांनी तीन दशके लावून धरलेला दावा होता.

पण मग दक्षिणेचाही नकार होताच, असे कोणी म्हणेल. साउथ कॅरोलिनाचे जॉन कॅल्हून यांनी राज्याला केंद्राचा कायदा निष्प्रभ ठरवता येतो असा सिद्धांत मांडला, १८३२ मध्ये त्या राज्याने तो वापरून पाहिला, आणि १८६०-६१ मध्ये अकरा राज्ये फुटून निघाली. हाही घटनेशी झगडाच होता. मग त्याला सर्जक का म्हणू नये? माझी कसोटी अशी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या हरलेल्या शेतकऱ्यांनी बहुमत मान्य केले आणि पुढच्या दुरुस्तीसाठी झगडण्याचा हक्क राखला. डग्लस यांनी जनतेचा अर्थ व्यापक करण्यासाठी घटनेचाच आधार घेतला. कॅल्हून आणि फुटीर राज्यांना मात्र बहुमत अमान्य होते, आणि जनतेचे वर्तुळ आकुंचित ठेवणे हाच त्यांचा हेतू होता. १८६१ मध्ये त्यांनी केलेली घटना फिलाडेल्फियाच्या घटनेची जवळजवळ नक्कल होती. महत्त्वाचा फरक हा की तिने गुलामांच्या मालकीला उघड संरक्षण दिले. ज्या नकाराने अधिक माणसांना संमतीच्या कक्षेत आणले, त्याने घटना बळकट केली. ज्याने माणसांना बाहेर ढकलले, त्याने ती मोडली. पराभूत राज्यांना पुन्हा प्रतिनिधित्व मिळण्यासाठी चौदावी दुरुस्ती मान्य करण्याची अट घातली गेली, म्हणून ती दुरुस्ती लादलेली होती, असेही म्हटले जाते. सक्ती होती हे खरे. परंतु ज्या राज्यांनी लाखो रहिवाशांना बोलूच दिले नव्हते, त्यांच्या आधीच्या संमतीला जनतेची संमती म्हणणे त्याहून कठीण आहे.

कागदावर जिंकलेली ही लढाई पुढे न्यायालयांनी बरीचशी हरवून टाकली. १८७६ च्या क्रुकशँक निकालाने खासगी हिंसेपासून संरक्षण देण्याचा केंद्राचा अधिकार खिळखिळा केला. १८९६ च्या प्लेसी निकालाने रेल्वेच्या डब्यातला वंशभेद घटनेला धरून आहे असे ठरवले, आणि न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन एकटे विरोधात उभे राहिले. त्यांचे अल्पमत आज सर्वत्र आदराने उद्धृत होते. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठीच्या राष्ट्रीय संघटनेने अनेक दशके खटल्यामागून खटले लढवले, आणि १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात न्यायालयाने एकमताने शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवला. स्त्रियांची कथाही अशीच आहे. सुझन बी. अँथनी यांनी १८७२ मध्ये रोचेस्टरला चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे मत दिले. त्यांच्यावर खटला भरला गेला, शंभर डॉलर दंड झाला आणि तो त्यांनी कधीच भरला नाही. १८७८ मध्ये प्रथम मांडली गेलेली मताधिकाराची दुरुस्ती १९२० मध्ये, टेनेसीच्या मंजुरीने, घटनेचा भाग झाली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना तो हक्क प्रत्यक्षात मिळवायला १९६५ च्या मताधिकार कायद्याची वाट पाहावी लागली. आणि हक्कांची सनद राज्यांनाही बांधते हे तत्त्व १९२५ पासून, चौदाव्या दुरुस्तीच्या वाटेने, टप्प्याटप्प्याने प्रस्थापित झाले. पहिल्या पिढीने मागितलेली सनद दुसऱ्या पिढीच्या दुरुस्तीमुळे खऱ्या अर्थाने कामाला लागली.

शेवटचा आक्षेप रचनेबद्दल आहे. द्विसदनी काँग्रेस, राष्ट्राध्यक्षपद, सत्तेची विभागणी, हा सांगाडा आजही १७८७ चाच आहे. मग विरोधकांना एवढे श्रेय कशाला? सांगाडा लेखकांचा आहे, यात शंका नाही, आणि दुरुस्तीचा मार्ग ठेवणारे पाचवे कलमही त्यांचेच. पण ज्या भागांना कोणताही नकार स्पर्श करू शकला नाही, तेच आज सर्वांत जास्त ताणाखाली आहेत, हे पाहण्यासारखे आहे. सहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या वायोमिंगला आणि चार कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला सिनेटमध्ये दोन-दोनच जागा आहेत, आणि संबंधित राज्याच्या संमतीशिवाय हे बदलता येणार नाही अशी तरतूद खुद्द पाचव्या कलमात आहे. २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळवणारा उमेदवार निर्वाचक मंडळामुळे राष्ट्राध्यक्ष झाला. दुरुस्तीसाठी पन्नासपैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. मताधिकाराचे वय अठरावर आणणाऱ्या १९७१ च्या दुरुस्तीनंतर केवळ एक दुरुस्ती झाली आहे, तीही मॅडिसन यांनी १७८९ मध्येच मांडलेली खासदारांच्या वेतनाची, जी १९९२ मध्ये मंजूर झाली. राज्यघटनेच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी सांगितले होते की मूळ घटना आरंभापासून सदोष होती आणि तिला आजचे रूप यायला अनेक दुरुस्त्या, एक यादवी युद्ध आणि मोठे सामाजिक परिवर्तन लागले. त्यांच्या म्हणण्याला मी एवढेच जोडेन की हे काम १७८७ च्या सप्टेंबरातच, शाई वाळण्यापूर्वी, सुरू झाले होते.

या इतिहासाकडे महाराष्ट्राने फार लवकर पाहिले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवल्याबद्दल. पंधरावी दुरुस्ती होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. फुले यांनी गौरव केला तो घटना पूर्ण करण्यासाठी झगडलेल्यांचा. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात जेफरसन यांचा दाखला देऊन सांगितले की एका पिढीला पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवण्याचा हक्क नाही, आणि म्हणून अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाइतक्या कठोर अटी भारताच्या घटनादुरुस्तीवर घातलेल्या नाहीत. दोघांच्याही वाचनात एक गोष्ट समान आहे: घटनेचे मोल तिच्या पहिल्या मसुद्यावर ठरत नाही, ते ठरते ज्यांना तिने वगळले त्यांना ती किती ऐकू शकते यावर. अमेरिकेच्या अनुभवातून आपल्याला घ्यायचा धडा हाच आहे. घटनेबद्दलचा आदर आणि घटनेतील उणिवांविरुद्धचा विरोध ही परस्परविरोधी कामे मानणे चुकीचे आहे. कायद्याच्या चौकटीत राहून, बहुमताचा निकाल मान्य करून आणि तरीही आपला नकार न सोडता जे लोक मागणी लावून धरतात, तेही घटनाकारच असतात. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवायला नकार देणारा समाज आपल्याच घटनेचा उरलेला भाग लिहायचे थांबवतो.